मिरियमची मोठी बहीण

शुभा,

तुला जाऊन आठवडा झाला. भेटायला येणारे माझ्याकडे बघतात आणि हळहळतात. बिचारी सुनंदा, पाठची बहीण गेली, पार खचली. खचले तर आहेच. पण त्याच्या बरोबरीनं माझ्या आत जे धुमसतंय त्याचं नाव हेवा आहे, आणि ते तुला सांगायला मला लाज वाटत नाही. तुला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. "ताई, तू ना, देवाचासुद्धा हेवा करशील," असं तूच म्हणायचीस.

केला. देवाचा केला, तुझ्या शनिवारांचा केला आणि सगळ्यात जास्त त्या दीनामावशींचा केला. का करू नये? तू जन्मलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई त्या बाळंतपणातून धड उठलीच नाही. शेजारच्या काकूंनी मला पाटावर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि तुला माझ्या नडग्यांवर पालथी घातली. "मान धर गं, मान सोडू नकोस," एवढंच त्या सांगत होत्या. तुझी पहिली सगळी न्हाणी माझ्या पायांवर झाली. तुझ्या वेण्या, तुझी शाळेची फी विसरल्याची रडारड, तुझी बारावी, सगळं मी निस्तरलं. आणि पॅथॉलॉजी लॅबच्या नोकरीसाठी तू ठाण्याला गेलीस, एका विधवा बाईंच्या घरात खोली घेतलीस, आणि त्या बाईंना शिकलेली, कमावती, अंगाला साबण लावता येणारी मुलगी फुकटात मिळाली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

दीनामावशी ज्यू आहेत हे तू मला पहिल्या महिन्यात फोनवर सांगितलंस तेव्हा मला वाटलं, कुणी गोरी, फ्रॉक घालणारी म्हातारी असेल. भेटायला आले तर दारात नऊवारीचं वय झालेली, पाचवारी नेसलेली, आपल्यासारखीच सावळी बाई. "या बाई, बसा. भाकरी जेवता ना?" पिढ्यान् पिढ्या कोकणात तेल गाळलेल्या, शनिवार देवाचा म्हणून घाणा बंद ठेवणाऱ्या लोकांची लेक. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. परकी वाटली असती तर तू तिच्या घरात इतकी मुरली नसतीस.

शुक्रवारी संध्याकाळी त्या खोबरेल तेलाचा दिवा लावायच्या, डोळ्यांवर हात धरून पुटपुटायच्या, मनुका भिजवून केलेलं सरबत सगळ्यांना घोट घोट द्यायच्या. तू आधी नुसती बघायला बसलीस. मग दिवा पुसून ठेवायला लागलीस. मग एका दिवाळीत घरी आलीस आणि अभ्यंगस्नान झाल्यावर, केस ओले असतानाच मला म्हणालीस, "ताई, मला ज्यू व्हायचंय."

मी विचारलं, "कुणी मुलगा आहे का?" सगळ्यांनी हेच विचारलं असतं. तू म्हणालीस, नाही. मी म्हटलं, मग आपल्या देवांत काय कमी पडलं तुला? तू बराच वेळ केसांचं पाणी झटकत राहिलीस. म्हणालीस, "कमी काही नाही गं. पण शुक्रवारी तो दिवा लागला की मला घरी आल्यासारखं वाटतं."

घरी! ज्या घरात उभी राहून तू हे बोललीस त्याच्या चुलीवर तुझं पाणी तापवलं होतं मी. त्या दिवशी मी तुझ्या पानात करंज्या वाढल्या नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं होतं का, कोण जाणे.

आणि तुझ्या त्या लोकांनी तरी तुला ओवाळून आत घ्यावं की नाही? छे. रीतच तशी, म्हणालीस. येणाऱ्याला आधी परत पाठवायचं. एकदा गेलीस, नाही म्हणाले. वर्षभरानं गेलीस, म्हणाले, कशाला गळ्यात ओझं बांधून घेतेस, चांगली माणूस म्हणून जग. तिसऱ्यांदाही तेच. तू हिब्रू गिरवत बसलीस, कोलंबी सोडलीस, चिंबोरी सोडलीस, दूध आणि मटणाची भांडी वेगळी केलीस आणि पुन्हा त्यांच्या दाराशी गेलीस. मला याचा जितका राग आला तितका तुझ्या धर्म बदलण्याचाही आला नाही. मी तुला कधी एकदाही परत पाठवलं नव्हतं, आणि माझ्याकडे यायला तुला सुट्टी मिळत नव्हती.

समुद्राचा दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. परदेशातून तीन जाणते लोक आले होते, त्यांनी तुला प्रश्न विचारले, आणि मग राहिलं होतं फक्त पाण्यात बुडी मारणं. वाहतं, नैसर्गिक पाणी हवं. मुंबईकडे सोय होती, पण तू हट्ट धरलास की बुडी मारीन तर आपल्या डहाणूच्या समुद्रात. मला बोलावलं नाहीस. "तुला त्रास होईल," म्हणालीस. ठाण्याहून गाडी करून सगळे आले, दीनामावशी टॉवेल आणि दोन बायका घेऊन आल्या, सुरूच्या बनापाशी उतरले आणि बघतात तर समुद्र जागेवर नाही! इतक्या शिकल्यासवरल्या माणसांनी मुहूर्त ठरवला होता भर ओहोटीचा. समोर नुसता चिखल, त्यात बसलेल्या होड्या आणि पाणी कुठंतरी क्षितिजापाशी.

तेव्हा तुझा फोन आला. मी शाळेत शिकवत होते, तलासरीला. "ताई, पाणी कधी येईल गं?"

नानांनी आपल्या दोघी लेकींना तो हिशेब शिकवला होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेला त्यांचा, पण भरती-ओहोटी तोंडपाठ. तू विसरलीस, मी नाही. मी म्हटलं, "आज नवमी. आत्ता कोरडंच असणार. चारनंतर कमरेएवढं पाणी येईल, पाचला गेलात तर बरं. आणि त्या लोकांना सांग, उजवीकडे जाऊ नका, तिकडे खडक आहेत."

"थँक्यू ताई," म्हणालीस. मागून दीनामावशींचा आवाज ऐकू आला, "विचार तिला, ती येते का?" तू विचारलं नाहीस. किंवा विचारायच्या आत मी फोन ठेवला. हा वाद आपण नंतर दहा वेळा घातला आणि दहाही वेळा निकाल लागला नाही. एवढं मात्र खरं, की माझ्या नवमीच्या हिशेबानं थांबून, माझ्या सांगण्यावरून डावीकडच्या पाण्यात उतरून तू ज्यू झालीस. टॉवेल धरला त्यांनी.

वर आलीस ती मिरियम बत अब्राहम होऊन. मिरियम कोण, ते मी तुला चिडूनच विचारलं होतं. मोशेची मोठी बहीण, तू म्हणालीस. आईनं बाळाला टोपलीत घालून नदीत सोडलं, तेव्हा लव्हाळ्यात उभी राहून त्याच्यावर नजर ठेवून होती ती. मी म्हटलं, "म्हणजे ते नावसुद्धा माझंच लाटलंस की! तू तर धाकटी." तू माझा गाल ओढलास. "मग दुसऱ्या कुणाचं घेणार होते?" हे मनापासून होतं की मला गप्प करायला, ते मला अजून ठरवता येत नाही.

पण बत अब्राहम मला कधी पचलं नाही, ते आता पुन्हा सांगते. बत म्हणजे मुलगी. तुमच्यात नव्यानं आलेल्या प्रत्येकाचा बाप अब्राहम. मग आपले नाना कुठे गेले? तू म्हणायचीस, नाना आहेतच, हे फक्त देवासमोरचं नाव आहे. मी म्हणायचे, देवासमोर उभं राहताना नाना नकोत? अब्राहमनं तुझ्या सायकलला मागून धरलं होतं का, एवढंही मी एकदा विचारलं. त्यावर तुला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले, आणि मला दोन्हींचं समाधान वाटलं.

नंतर तू डहाणूला परत आलीस, स्टेशनजवळच्या लॅबमध्ये लागलीस, मसोलीला हा फ्लॅट घेतलास. मला वाटलं, आली पोरगी हाताशी. पण इथंही तुझे शनिवार तुझे नव्हते. माझ्या शाळेला शनिवारी अर्धा दिवस. मी दुपारी मोकळी, आणि तुझा फोन शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून बंद. शनिवारी मी आले तर तू असायचीस, हसून दार उघडायचीस, पण चहा नाही, गॅस पेटवायचा नाही, बाजारात जायचं नाही, सिनेमा नाही. आदल्या दिवशीचं गार जेवण. "बस ना ताई, नुसती बस," म्हणायचीस. मला नुसतं बसता येत नाही. मी अर्ध्या तासात उठायचे. वाढवणची मासळीवाली मला विचारायची, "बाय, तुजी बहीन कोलंबी का नाय खात? आजारी हाय का?" मी म्हणायचे, देवानं सांगितलंय तिला. ती म्हणायची, "असा कसा देव?" त्या क्षणी ती मला फार जवळची वाटायची.

घर घेतल्यावर देवाचे आभार मानायला तू तुमचा मलिदा केलास, तोही आठवतो. पातळ पोहे धुऊन, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. मी म्हटलं, हे तर आपले गोड पोहे! दीनामावशी म्हणाल्या, "मग? आम्ही काय वेगळं खातो?" आणि ताटात आपल्या हातानं चिकू ठेवत म्हणाल्या, डहाणूत मान चिकूचा. पोहे मी भिजवले होते. कौतुक मलिद्याचं झालं.

आणि हे आजारपण. चार महिने तुझ्या उशाशी मी होते. पेज करायची मी, ती उलटायची. दीनामावशी रविवारी ठाण्याहून यायच्या, डब्यात नारळाच्या दुधातला हलवा आणायच्या, आणि तो मात्र तुझ्या पोटात राहायचा. त्या गेल्या की मी डबा घासताना चमचा आपटायचे. तू आतून म्हणायचीस, "ताई, चमच्याचा काय दोष?" शेवटच्या आठवड्यात एकदा तू आपणहून म्हणालीस, "ताई, त्या बत अब्राहमचं ना, मी तुला एकदा नीट सांगणार आहे." मी म्हटलं, आत्ता नको, दम लागतोय तुला. तेवढ्यात तुला झोप लागली. काय सांगणार होतीस ते राहून गेलं. आता मी माझ्या मनानं उत्तरं तयार करते आणि मीच ती खोडून काढते.

शनिवारी पहाटे तू गेलीस. मी दीनामावशींना फोन लावला. लागणार नव्हता, हे लावतानाच कळत होतं. तारे दिसेपर्यंत त्यांच्यापैकी कुणी फोनला हात लावणार नाही. समोरच्या गुजराती भाभी आल्या, रडल्या, मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "बेन, क्यां सुधी राखशो?" खरंच, कुठवर ठेवणार? शाळेतले लोक म्हणाले, मॅडम, उशीर नको, उन्हाचं लवकर उरकू. आणि शुभा, मी, तुझ्या शनिवारांना जन्मभर शिव्या घातलेली मी, दारात उभी राहून म्हणाले, "आज शनिवार आहे. आज तिला हलवायची नाही. उद्या तिची माणसं येतील." भाभींनी बर्फाच्या लाद्या मागवल्या आणि आणखी काही विचारलं नाही.

मयताला एकटं सोडायचं नाही, एवढं तुझ्याकडून ऐकलं होतं. म्हणून बसले. गॅस पेटवला नाही. फोन बंद करून कपाटावर ठेवला. दिवसभर मी तुझ्याजवळ नुसती बसले. तुझा एक अख्खा शनिवार मला मिळाला, आणि त्या दिवसापुरता मला कुणाचाही हेवा वाटला नाही.

रविवारी सकाळी त्या आल्या, दोन बायकांना घेऊन, पांढरं कापड शिवूनच आणलं होतं. मी बंब पेटवून ठेवला होता, नवा साबण काढला होता, सोनचाफ्याची फुलं आणली होती. मी पदर खोचून आत निघाले तर दीनामावशींनी मला दाराशी धरलं. "सुनंदा, हे आमच्या बायकांनीच करायचं असतं. आणि फुलं नाही घालत आम्ही."

मी म्हटलं, "मावशी, पहिली आंघोळ मी घातलीय तिला."

त्यांचे डोळे भरले. पण हात सोडला नाही. "माझ्या हातात असतं तर घालू दिली असती," म्हणाल्या. "पाणी तू दे. आमच्यात ओतायला लागलं की धार तुटू द्यायची नाही. कमी पडू देऊ नकोस."

मी बाहेरून बादल्या भरत राहिले. कोमट पाणी, हात घालून बघितलेलं. दार किलकिलं व्हायचं, एक हात भरलेली बादली घ्यायचा, रिकामी बाहेर यायची. धार तुटली नाही, तेवढं मी सांभाळलं. आतून त्यांचं प्रार्थना म्हणणं ऐकू येत होतं. शेवटी दीनामावशी मराठीत बोलल्या, "मिरियम, बाळा, आमच्या हातून काही उणं झालं असेल तर माफ कर." बाळा! मी बादली खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून रडले. ते रडणं दुःखाचं किती आणि मत्सराचं किती, विचारू नकोस.

ठाण्याला नेलं तुला. चारोटीवरून गाडी हायवेला लागली तेव्हा तुझ्या डोक्याशी मी बसले होते, ती जागा मी कुणाला दिली नाही. कब्रस्तानात प्रार्थना म्हणणाऱ्या तरुणानं विचारलं, मयताचं जवळचं कोण? जवळच्याच्या कपड्याला चीर देतात, आणि तो मग सात दिवस जमिनीवर बसतो. दीनामावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यानं माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं आणि फार सौम्य आवाजात म्हणाला, "ताई, धर्मात आलेला माणूस नव्यानं जन्मलेला असतो. आधीच्या नात्यांवर काही बंधन राहत नाही. तुम्ही मोकळ्या आहात."

त्याला वाटलं, मला सवलत दिली. मला वाटलं, तू आत्ता गेलीस. शनिवारच्या पहाटेपासून माझ्याजवळ होतीस ती आत्ता गेलीस. बंधन नाही म्हणजे बहीण नाही. नाना नाहीत, आई नाही, मी नाही. त्या डावीकडच्या पाण्यातून जी वर आली ती माझी कुणी लागतच नव्हती. मुठीनं माती घातली आणि परत आले.

आले ती तुझ्या फ्लॅटवर आले आणि जमिनीवर बसले. मला कुणी बसवलं नाही. बंधन नव्हतंच. माझ्या घरचे म्हणाले, हे काय खूळ, तेरावं घालायचं तर घालू आपल्या पद्धतीनं. मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू, आत्ता मी बसलेय. माझ्या मनात शुद्ध हट्ट होता. सात दिवस बसायला तुझं कुणीच नाही असं त्यांनी म्हणू नये.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीनामावशी आल्या, त्याच दोघींना घेऊन. दार उघडंच होतं. आत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. गुडघ्यांचा त्रास असलेली बाई, भिंत धरून बसली. आणि बोलेना. तुला माहीतच आहे, त्यांचं तोंड एक मिनिट गप्प राहत नाही. मी वाट बघितली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. तिघी तशाच, हात मांडीवर ठेवून. मला वाटलं, मी बसले ते यांना रुचलेलं नाही. समज द्यायला आल्यात. माझंही डोकं तापलं. मीही बोलले नाही. पंखा फिरत होता, खालून रिक्षा गेल्या, कितीतरी वेळ तसाच गेला.

शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "चहा टाकते."

त्याबरोबर तिघींनी श्वास सोडला. दीनामावशी म्हणाल्या, "तू उठायचं नाहीस. बसलेल्यानं उठायचं नसतं, चहा आम्ही करू. आणि आमच्यात बसलेल्या माणसानं आधी तोंड उघडायचं असतं. तोवर येणाऱ्यानं बोलायचं नाही. तू बोलेपर्यंत थांबलो."

मी म्हटलं, "पण मी कुठे कुणी... तो मुलगा म्हणाला, बंधन नाही."

"नाहीच," त्या म्हणाल्या. "बंधन नसताना बसलीस. मग मी तुझ्यासमोर गप्प नको बसू?"

एकजण आत गेली. दुधाचं पातेलं कोणत्या फळीवर, हे तिला बरोबर ठाऊक होतं, आणि तेवढ्यातही मला ते टोचलं. दीनामावशी माझ्याजवळ सरकल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "सुनंदा, आम्हाला ती मोठीच मिळाली गं. लहानपणी कशी होती? तिला विचारलं की म्हणायची, ताईला माहीत, ताईला विचारा. मला तर कधीकधी तुझा रागच यायचा." आणि ओशाळून हसल्या.

मी त्या बाईकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते, आणि ही ठाण्यात बसून माझ्यावर जळत होती!

मी सांगितलं. रुसली की पलंगाखाली जाऊन बसायची, म्हटलं. जेवायला हाक मारली तरी यायची नाही. मग मी ताडगोळा सोलून पलंगाजवळ ठेवायचे. आधी एक पाय बाहेर यायचा, मग दुसरा, आणि तोंड शेवटी. आत चहा करणारीसकट तिघी हसल्या. दीनामावशी तर पदर तोंडाला लावून हसता हसता रडायला लागल्या. डोळे पुसून माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अजून सांग ना."

मी म्हटलं, "एवढंच आठवतंय."

खोटं बोलले, शुभा. सगळं आठवतंय. पण ते मी त्यांना देणार नाही.